बेंबीवरचा हिंग

शेजारच्या फ्लॅटमध्ये बाळ रडत होतं. त्याच्या बेंबीला लावायला कालवलेल्या हिंगाचा वास जिन्यात आला आणि मी थेट कोपरखैरण्याच्या आमच्या जुन्या घरातल्या त्या दुपारी जाऊन पोचले.

बाबा चटईवर पडले होते. पोट टम्म फुगलेलं, आणि आतली गुरगुर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती. आई त्यांच्या बेंबीभोवती कोमट हिंग चोळत होती.

"डॉक्टरकडे चला ना," आई त्यांना म्हणाली.

"गॅस आहे गं. उगाच टेन्शन घेऊ नको."

हळूहळू गुरगुर थांबली, कळही ओसरली. आईने त्यांच्या पोटाला कान लावला. "शांत झालं बघ," ती मला म्हणाली. देवापुढे साखर ठेवून तिने माझं पान वाढलं.

आतडं काळं पडून गप्प झालं होतं, हे रात्री ऑपरेशनमध्ये कळलं. बाबा वाचले नाहीत. आतडं अडवणारी गाठ साधी होती, नुसती चरबीची. कॅन्सर नव्हता, असं डॉक्टरांनी आईला दोनदा सांगितलं.

बाबांना डोळा लागला म्हणून त्या दुपारी आम्ही दोघी हळू आवाजात बोलत होतो. आमटी-भात होता. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता.