रजिस्टरात लावलेली लग्ने

“अगं, तुझं लग्न झालंय. रजिस्टरात लिहिलंय. आता नवऱ्याला घेऊन ये, त्याच्या सहीनं नाव घालू.”

मुख्याध्यापक असे म्हणाले आणि कार्यालयातले सगळे हसले. समोर पंधरा वर्षांची मुलगी उभी होती. वीटभट्टीवरून आदल्याच दिवशी परतलेली. नखांत लाल माती. हातात आठवीची गुणपत्रिका, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. ती म्हणाली, “माजा लगीन नाय झाला, सर. मी आयस-बाबासंगं भट्टीवर होती.”

पुन्हा हशा. त्या हशात मीही होतो. हे प्रथम लिहून ठेवतो, कारण पुढे मी चांगला दिसण्याचा धोका आहे.

तलासरी तालुक्यातल्या त्या शाळेत मी लिपिक आहे. सत्तावीस वर्षे रजिस्टरातले अक्षर माझे. भात झोडून झाले की आमच्या पाड्यांवरची माणसे वसई-भिवंडीकडे भट्ट्यांवर जातात. मुलीही जातात. शाळेत नाव कमी करताना कारण लिहावे लागते. ‘गैरहजर’ लिहिले तर घरी जाऊन भेटीचा अहवाल जोडावा लागतो. ‘स्थलांतर’ लिहिले तर परत आल्यावर मुलीला घ्यावे लागते. ‘विवाह’ लिहिले की कोणी काही विचारीत नाही. मोठ्या मुलींच्या नावांपुढे मी ‘विवाह’ लिहीत आलो. त्यांच्या घरी न जाता. कोणी सांगितले म्हणून नव्हे. माझ्या आधीचा लिपिक तसे लिहीत असे म्हणून.

मीही त्याच पाड्यांतला. चौथीत असताना गुरुजी हजेरीत माझे नाव घेत नसत. “खेकडा” म्हणत, कारण मी एकदा खेकडे धरायला गेलो आणि शाळा बुडाली. वर्ग हसे. मी उभा राहून “हजर” म्हणत असे. वर्षभर म्हटले. ज्याला तो हशा ठाऊक होता, तोच आता टेबलाच्या या बाजूला बसून हसत होता.

सोमवारी ती मुलगी पुन्हा आली. बरोबर सरावलीहून स्कूटीवर आलेली एक तरुणी होती. मुलींना शाळेत परत बसवण्यासाठी पाड्यापाड्यांवर फिरणारी. मुली तिला ताई म्हणतात. तिने खुर्ची मागितली नाही.

“सर, लग्न खरं असेल तर मुलगी अल्पवयीन आहे, आणि तुम्ही पोलिसांना कळवलं नाही. खोटं असेल तर रजिस्टर खोटं आहे. अर्जात यातलं कुठलं लिहू?”

“पुढारीपण बाहेर, ताई. आधी स्वतः किती शिकलात ते सांगा.”

तिने पिशवीतून शाळा सोडल्याचा जुना दाखला काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “काका, अक्षर ओळखता ना?”

माझेच. कारण : विवाह.

“सात वर्षं झाली. दहावी मी बाहेरून दिली, सतरा नंबरचा फॉर्म भरून. लग्न तुम्ही लावलंत, काका. नवरा तेवढा अजून दाखवला नाहीत.”

कोणी हसले नाही. फक्त ती भट्टीवरची मुलगी हसली.

त्या गेल्यावर मुख्याध्यापकांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “लिहा : मुलीच्या वडिलांनी तोंडी सांगितल्यावरून नोंद केली. अंगठा मी मिळवतो.”

मी पेन उचलले नाही.

“तुमच्यातल्याला खुर्ची दिली की असंच होतं. निवृत्ती जवळ आलीय, विसरू नका.”

खेकडा. तोच आवाज. तोंडाशी ‘हजर’ आले होते. मी ते गिळले. मग पेन उचलले आणि लिहिले : ही नोंद मी कोणालाही न विचारता केली. मुलगी अविवाहित आहे. नोंद खोटी आहे. खाली सही. एक प्रत शिक्षण कार्यालयात दिली, एक ताईच्या हाती.

त्याने काय झाले? फारसे काही नाही. रजिस्टर कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे. माझे टेबल पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत. अर्जाला उत्तर एकच : चौकशी सुरू आहे. घटक चाचणी होऊन गेली. ती मुलगी रोज येते आणि नववीच्या खिडकीखाली, बाहेरच्या पायरीवर बसून वहीत उतरवून घेते. शिपायाला तिला उठवण्याचा हुकूम आहे. तो तिला उठवतो. ती पुन्हा बसते.

ज्यांच्यापुढे मी ‘विवाह’ लिहिले, त्या मुलींची नावे मला पाठ आहेत. म्हणून रविवारी ताईबरोबर निघतो. चारोटीला हायवेच्या कडेला काकड्या विकणारी एक मुलगी भेटली, कडेवर मूल. शेजारी तिची आई. आई म्हणाली, “शाळेनं नाव काढलां, मग घरात बसवून काय करायचा? दिली.”

म्हणजे माझी नोंद आधी झाली. लग्न नंतर.

मी त्या मुलीला म्हणालो, माफी मागायला आलो आहे. तिने काकडीला मीठ लावले, गिऱ्हाइकाला दिली, मग माझ्याकडे पाहिले. “माफी घेऊन काय करू, काका? फॉर्म आणलाय काय?”

आणला नव्हता.

तेव्हापासून मी माफी मागत नाही. पिशवीत सतरा नंबरचे फॉर्म असतात आणि माझ्या सहीचा तो कबुलीजबाब, प्रत्येक मुलीच्या नावाने वेगळा लिहिलेला. निवृत्तिवेतन अडवायचे असेल तर अडवावे. त्या पायरीवरची मुलगी वर्गात बसेपर्यंत मी त्या शाळेतून हलणार नाही. रजिस्टरातली ती लग्ने मी लावली. एकेक करून मोडणारही मीच.