तटाबाहेरचं दुसरं शहर

कोडोलीच्या सयाजीला एखाद्या गोष्टीचं मूळ खणल्याशिवाय घास गोड लागत नाही. लेक तेजस्वी विद्यापीठात इतिहास शिकते. परीक्षेसाठी ती उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या सुलतानांच्या लढाया मोठ्यानं वाचू लागली आणि धार काढता काढता याचे कान तिकडं लागले.

तिलिमसान नावाच्या शहरात झय्यानी राजा, बाहेर मरिनी सुलतानाचा आठ वर्षं वेढा. एवढी वर्षं आतल्या जनावरांनी खाल्लं काय, असं सयाजीनं विचारलं. पुस्तकात ते नव्हतं. त्याला रागच आला. राजांच्या सात पिढ्या पाठ, आणि वैरणीचा पत्ता नाही!

मग कळलं, वेढा लांबला तसं सुलतानानं तटाबाहेर नवं शहरच वसवलं. मशीद, हमाम, बाजार, सगळं. जुन्या शहराचा व्यापार तिकडं वळला. सयाजी खूश झाला, गडी डोकेबाज म्हणाला. होणारच. सहा वर्षांपूर्वी चेअरमनपदावरून थोरल्या भावाशी, अमरसिंहशी वाजलं, तेव्हा यानंही भावाच्या दूध डेअरीच्या ऐन दारासमोर आपली दुसरी डेअरी काढली होती. आता थोरल्याकडं जेमतेम चाळीस लिटर दूध येत होतं. शनिवारपर्यंत पन्नास झालं नाही, तर दूध संघाची गाडी तिथं थांबणार नव्हती. म्हणजे कुलूपच.

"हा राजा आणि सुलतान एकमेकांचे कोण लागायचे?" त्यानं विचारलं.

"एकाच टोळीतले, आबा. भाऊबंदच."

सयाजीचा हात थांबला. मग त्यानं नव्या शहराचं पुढं काय झालं ते विचारलं. सुलतानाला त्याच्याच नोकरानं मारलं, फौज निघून गेली, शहर ओस पडलं. आता पडक्या भिंती उरल्यात, तेजस्वीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी घरच्या म्हशींचं बारा लिटर दूध घेऊन निघाला आणि स्वतःच्या डेअरीत न वळता समोर गेला. दोन्हीकडच्या रांगा बघत राहिल्या. त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत वाटली.

अमरसिंहनं मान वर केली नाही. "पावणं, तुमी हितलं सभासद न्हाईसा."

"मग करून घ्या की, दादा."

थोरल्यानं किटली जवळ ओढली. झाकण काढायला त्याला जरा वेळच लागला.

"लई उशीर केलास, सया," तो म्हणाला.