पेटी कुठे होती?

“आकडा कळला. पेटी कुठे होती?”

कुणीही तापमानाचा आलेख घेऊन आलं की चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच विचारत. पेटी म्हणजे तापमापक ठेवायची पांढरी, झडपांची लाकडी पेटी. पुण्यातल्या आमच्या हवामान-संशोधनाच्या कचेरीत ते कारकून होते; जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवत. तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल. हुद्दा लहान, पण अडलं की सगळे त्याच्याच टेबलाशी.

मी तालुक्याच्या शाळेतून आलेली, घरातली पहिली पदवीधर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘डॉक्टर’ म्हटलं. पीएचडी अजून व्हायचीय, असं मी संकोचून सांगितलं.

“होईलच की. मग पुन्हा नवी सवय कोण लावून घेणार?”

एका गावाच्या तापमानाने एकाच वर्षात घेतलेली उडी मी त्यांना मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी त्या वर्षाची नोंदवही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना कोरा होता. त्यांनी तिथे रोज तापमान नोंदवणाऱ्या, आता निवृत्त निरीक्षकांना पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं, पेटी शाळेच्या मैदानातून नगरपालिकेच्या गच्चीवर नेली होती.

“तापतंय सगळीकडेच, डॉक्टर. पण किती, ते सांगताना गच्ची वजा करायला नको?”

माझा शोधनिबंध छापायला जायचा होता. लाज वाचली.

असे पुष्कळ निरीक्षक त्यांनी पत्रांनी गाठले होते. बहुतेक शाळामास्तर, आता ऐंशीच्या घरातले. पुढच्या काही वर्षांत कोणत्या संशोधनाला प्राधान्य द्यायचं, याचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्यांनी एकच ओळ मागितली. ही माणसं आहेत तोवर त्यांच्याकडे कुणाला तरी पाठवा, पेट्या कुठे होत्या ते विचारून घ्या. मी ओळ घातली. त्यांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्याच दिवशी, विदर्भातल्या, हात थरथरणाऱ्या एका मास्तरांना त्यांनी कळवलं, की लिहिण्याचा त्रास घेऊ नका, आमचा माणूस येईल.

मसुद्यावरच्या बैठकीत सगळ्यांना त्यात जागा हवी होती. कुणाला मॉन्सूनच्या अंदाजासाठी, कुणाला समुद्रासाठी, कुणाला नव्या संगणकासाठी. माझी ओळ आली तेव्हा साहेब म्हणाले, “हे संशोधन आहे, की गावोगाव ख्यालीखुशाली?” सगळे हसले. मीही हसले. ओळ काढा, असं कुणी म्हटलं नव्हतं. ती मीच खोडली.

संध्याकाळी ते जिन्यात भेटले.

“आपली ओळ?”

“आहे,” मी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पत्रं लिहिणं थांबवलं. आता माणूसच जाणार होता ना.

दिवाळीनंतर ते अचानक गेले. त्यांच्या विश्रांतवाडीच्या घरी मी भेटायला गेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “तुमचं फार कौतुक करायचे हो.” मी चहा प्यायले आणि उठले.

मागच्या महिन्यात त्यांच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. विदर्भातल्या त्या मास्तरांच्या मुलाचं. वडील वारले. तुमचा माणूस येणार म्हणून शेवटपर्यंत वाट पाहत होते. पेटीचं सगळं त्यांनाच ठाऊक होतं, आम्हाला काही सांगता येणार नाही.

कार्ड ठेवायला मी त्यांच्या टेबलाशी गेले. काचेखाली निरीक्षकांची यादी अजून आहे. उत्तर आलेल्या नावांपुढे बरोबरची खूण. त्या मास्तरांच्या नावापुढे, आणि खालच्या साऱ्या नावांपुढे, त्यांच्या बारीक अक्षरात एकच शेरा आहे: ‘डॉक्टर बघतील.’