चुलवणापुढची हाक

माझी नात मुठीनं मारते. बॉक्सिंग म्हणतात त्याला. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात ती राज्यात पहिली आली. ज्वारीचा कट्टा तिच्यापेक्षा जड भरतो. मी दुसरीपर्यंतच शाळा बघितली, पण एवढं मला कळलं की या खेळात समोरच्या पोरीशी नंतर लढायचं, आधी काट्याशी. काट्यावर थोडं जास्त भरलं की सरळ घरी.

देशाच्या स्पर्धेसाठी निवड होती, सोलापूरला. वजन त्याच सकाळी. आणि आदल्या दिवशी ही आमच्या तामलवाडीच्या गुऱ्हाळावर आली ती किलोभर जास्त भरून.

"आबा, चुलवण गरम हाय ना? घाम काढायचाय."

चुलवण म्हणजे गुळाच्या काहिलीखालची भट्टी. त्या दिवशी ऊस आला नव्हता, गडी घरी होते. पण भट्टीच्या भिंती धग लवकर सोडत नाहीत. जळणाला उसाचं चिपाड टाकायला भट्टीच्या तोंडापुढं खड्डा असतो, त्यात ती उतरली. अंगाला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, वर दोन स्वेटर.

"पानी द्यायचं न्हाय. मी मागितलं तरी न्हाय. शब्द द्या."

"दिला. माझा शब्द कसा असतो, तुझ्या आजीला इचार."

"आजी म्हणती, शब्द न्हाय, हट्ट असतो."

मी बाहेर बाभळीखाली बसलो. खड्ड्यातनं तिच्या पायांची थपथप येत होती, अन् दर ठोशाला नाकातनं फुस्स असा आवाज. ऐकता ऐकता वाटलं, फुस्स दोघींचा येतोय. एकीचा संपला की दुसरीचा. म्हटलं, भिंतीत घुमत असंल.

मग सगळंच थांबलं. भर दुपार, पाखरूसुद्धा नव्हतं. अन् हाक आली. "आबा." अगदी कानापाशी.

आमच्याकडं भर दुपारी रानात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असंल तर पुन्हा हाक मारतं. ते दुसरं एकदाच मारतं, अन् ओ दिली की घेऊन जातं. बापानं शिकवलं ते मी उभा जन्म पाळलं. दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो.

ती आली नाही.

ओ न देताच उठलो. तोंड घट्ट मिटून खड्ड्यापाशी गेलो, आत उतरलो.

ती भिंतीला टेकून उभी होती, मुठी हनुवटीशी, डोळे सताड उघडे. पापणी लवत नव्हती. घाम कधीच आटलेला, कपाळ तव्यासारखं. ती माझ्याकडं बघत नव्हती. नजर माझ्या खांद्यामागं होती, अन् मुठी हळूहळू वळत होत्या, जसं कुणी माझ्याभोवती फिरतंय.

मी मागं बघितलं नाही. तिला खांद्यावर टाकली, बाहेर आणली, स्वेटर टराटरा फाडले, घागर डोक्यावर ओतली. बऱ्याच वेळानं तिची पापणी हलली. तांब्या ओठाला लावला, तर मुठीनं उडवला.

"शब्द दिला व्हता तुमी."

"दिला व्हता. आता मोडला. पी." मी दुसरा तांब्या भरला. "तूच हाक मारलीस की मला."

"मी? जीभ टाळूला चिकटली व्हती, आबा. आवाज कुठला." तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. "हाक तर तुमी मारत व्हता."

"मी तोंड उघडलं न्हाई."

"मारत व्हता. भट्टीच्या आतनं. ये पोरी, आत ये, म्हणून. मी निघालेच व्हते."

भट्टीचं काळं तोंड तिथनं दिसत होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग तांब्याकडं. दोन्ही हातांनी धरला, अन् घोट घोट करत सगळा प्याली. पिताना रडत होती.

"गेलं, आबा. यंदाचं गेलं."

"जाऊ दे. आणखी देऊ?"

तिनं रिकामा तांब्या पुढं केला.