रिकामा प्रोग्रॅम

“तू आठे काय करी ऱ्हायना? जाय, ड्रेस चढाव. पाहुणा उनात.”

सरांनी माझ्या हातातली वायर काढून यशला दिली आणि माझ्या हातात घुंगरांचा पट्टा ठेवला. आमच्या डिप्लोमा कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाची सकाळ होती, पाहुणे येऊन पोचले होते. टेबलावर मी बनवलेली वस्तू. तिच्यापुढे पुठ्ठ्यावर नाव यशचं. एकट्या यशचं.

वस्तू साधी होती. मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणजे तळहातावर मावणारी निळी पट्टी. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा, केबलने तिच्यात उतरवायचा, की ती सांगितलेलं काम करते. पहिल्या दिवसापासून मला ती आवडली. वर्गात मी तोंड उघडलं की पोरं माझ्या बोलीला हसायची. बोर्ड हसत नव्हता.

आमचा आदिवासी पाडा धडगावच्या वर, डोंगरात. आई मोहाची फुलं अंगणात वाळत घालून शेतात जाते. अवकाळी पावसाची सर आली की ती धावत येईपर्यंत फुलं भिजून काळी पडलेली असतात. म्हणून मी बोर्डाला थेंब ओळखणारी पट्टी जोडली होती. पहिला थेंब पडला की भोंगा वाजायचा. दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाता हॉस्टेलवर बसून केलं होतं ते.

यश बाजारपेठेतल्या मोठ्या पेढीवाल्यांचा मुलगा, प्रॅक्टिकलला माझा जोडीदार. लॅबमधले सगळे बोर्ड त्याच्या वडिलांनी भेट दिलेले. तशी पाटीच आहे दारावर. तो वाईट नाही. आजही विचारलं तर म्हणेल, आम्ही मित्र आहोत. पण ज्याच्या नावावर प्रकल्प, तोच नाशिकच्या स्पर्धेला जाणार होता. मला जायचं होतं. फार जायचं होतं.

“सर, हे मी केलंय,” मी म्हणालो.

सर रनाळ्याकडचे. प्रेमात असोत की रागात, अहिराणीच बोलायचे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “अरे, बोलनं यशले जमस. नाच ते तुम्हना रक्तमाच शे.”

शिवी दिली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो. शिव्यांची सवय होती. तो पाठीवरचा हात मला सहन झाला नाही.

त्या ड्रेसबद्दल सांगतो. कॉलेजच्या खेळाच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात घुंगरांचे पट्टे, वाळक्या दुधी भोपळ्यांच्या माळा, मोरपिसांचा टोप. कोणीही पाहुणा आला की पेटी उघडते आणि हॉस्टेलच्या पोरांना नाचवतात. आमच्याकडे हे होळीला चढवतात, आणि तेही नवस बोललेला माणूसच चढवतो. त्याला पाळणी असते. अनवाणी राहायचं, खाटेवर बसायचं नाही, बाईला शिवायचं नाही. मी लहानपणी तापाने मरायला टेकलो होतो, तेव्हा बापाने माझ्यासाठी नवस केला होता. पायाला फोड आलेले, तरी तो नाचत होता. कॉलेजने आधीच्या वर्षी माझ्याच पाड्याच्या पोराला तो टोप घातला. पायात बूट. पाहुण्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढले.

मी पट्टा टेबलावर ठेवला. “नाही घालणार.”

सरांचा हात पाठीवरून निघाला. “मंग आठे तुन्हं काय काम? बोर्ड काय तुन्हा बापना शे का?”

नव्हता. बोर्ड यशच्या बापाचा होता. लॅपटॉप कॉलेजचा, टेबल कॉलेजचं. माझं तिथे काय होतं? बोर्डात उतरवलेलं तेवढं माझं होतं.

मी केबल जोडली. सगळ्यांसमोर रिकामा प्रोग्रॅम उघडला. त्यात कसलंच काम सांगितलेलं नसतं. तो बोर्डात उतरवला. आधीचं पुसलं गेलं. लॅपटॉपमधली माझी फाइलही पुसली. बाटलीतलं पाणी थेंब ओळखणाऱ्या पट्टीवर ओतलं. भोंगा वाजला नाही.

“बोर्ड तुमचा,” मी म्हणालो. “ठेवा.”

सरांनी कानाखाली मारली. पाहुणे दारातच होते. यश मान खाली घालून पुठ्ठा सरळ करत राहिला.

पुढे काय झालं तेही सांगतो, उगाच कोणी आनंदी होऊ नये. यशने इंटरनेटवरून दुसरा प्रोग्रॅम उतरवला आणि तो नाशिकला गेला. कॉलेजच्या वस्तूची नासधूस केली म्हणून मला प्रॅक्टिकलला नापास केलं. वर्ष गेलं. हॉस्टेलमधून नाव कमी झालं. सध्या तळोद्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो.

घरी सगळं सांगितलं तेव्हा बापाने आमच्या बोलीत एवढंच विचारलं, घुंगरं अंगावर चढवली होतीस का? नाही म्हणालो. त्याने भाकर माझ्याकडे सरकवली. वर्ष गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर दिसत होतं. मलाही आहे. रोज आहे.

येत्या परीक्षेला मी पुन्हा बसणार आहे. तीच लॅब, तेच सर. ते परत नापास करतील, करू देत. मी परत बसेन. नवा बोर्ड मी माझ्या कमाईचा घेतलाय आणि भोंग्याचा प्रोग्रॅम पुन्हा लिहितोय. तो प्रदर्शनात मांडला तर पुढे नाव माझं असेल. नाव माझं नसेल, तर टेबल रिकामं असेल.