गुरुवारचा आकडा

यान धूमकेतूच्या इतकं जवळ पोहोचलं होतं की त्याला अख्खा धूमकेतू दिसत नव्हता. म्हणून मोहिमेला जमिनीवरच्या हौशी लोकांकडून त्याच्या तेजस्वितेचा रोजचा आकडा हवा होता. आमच्या गटात हे काम दोघांकडे होतं. दोंडाईच्याला एक वेल्डर चाचा, स्वतः बनवलेली दुर्बीण घेऊन. आणि फैजपूरला मी, सरांनी दिलेली दुर्बीण घेऊन.

पहाटे चारला गच्चीवर जायचं, शेजारचे तारे मुद्दाम धूसर करून धूमकेतूशी ताडायचे, आकडा लिहायचा आणि सहाच्या बसने जळगावला कॉलेजात. चार दिवसांतच अंग उचलेना. केळीच्या बागांकडून धुकं यायचं, भिंगावर दव बसायचं. एके दिवशी मी न बघताच अंदाजाने आकडा लिहिला. प्रॅक्टिकलचं जर्नल आम्ही असंच भरतो. उत्तर माहीत असतं, रीडिंग मागाहून बसवायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. शिकलेली माणसं असंच करत असतील, असं मला खरंच वाटायचं.

रविवारी पॅसेंजरने दोंडाईच्याला गेले. आमचा गट चालवणारे सर तिथले निवृत्त शिक्षक. त्यांच्या ओसरीवर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. माझे आकडे रोज थोडेथोडे सरकत होते. चाचांचा आकडा गुरुवारी एकदम उडाला होता. धूमकेतू अचानक उजळल्याची नोंद होती.

सर हसले. "चाचा, वेल्डिंग करून करून डोळे गेले तुमचे. पोरीचं बघा, बठ्ठं कसं सरळ शे."

असेल, पन्नाशी उलटली आता, असं चाचा म्हणाले. सरांनी त्यांचा गुरुवार खोडायला पट्टी ठेवली.

"सर, त्यांचं नको. माझं खोडा."

मग सांगावंच लागलं. अकरा ओळींपैकी बघून लिहिलेल्या चारच होत्या. वही माझ्याकडे सरकवून बाकीच्या सात सरांनी मलाच खोडायला लावल्या.

चाचा मात्र पुढे सरकले. एकट्याची नोंद कुणी धरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"बेटा, आकडा राहू दे. गुरुवारी नुसतं काय दिसलं, तेवढं सांग."

गुरुवारी बस धरायला निघाले तेव्हा आभाळ लख्ख होतं. त्याआधी चारला गजर वाजला होता आणि मी तो बंद करून कूस बदलली होती.

"मी उठलेच नाही, चाचा."

त्यांनी मान हलवली. सरांनी त्यांच्या आकड्यापुढे 'दुजोरा नाही' असं लिहिलं आणि तक्ता तसाच मोहिमेकडे पाठवला.