वळणापलीकडे

हॅलोताई हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावायचा, याचा फोन त्याला जोडून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. बाजूला होता होता दोन वाक्यं कानावर पडायचीच. एका बाजूचं एवढंसं ऐकून पलीकडे कोण आहे, भांडण कशावरून आहे आणि ते मिटणार की चिघळणार, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुतावरून स्वर्ग गाठायची ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. फक्त सूत मिळेनासं झालं.

कारण गुडघे गेले आणि त्या लेकाकडे राहायला आल्या. लेकाने लग्न केलेलं नव्हतं, आणि तो विषय घरात कधीच मिटलेला होता. त्याचं घर शहरापासून लांब, एका शांत वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी धडाधड दारं लागायची, पाठीला बॅगा अडकवलेली माणसं झपझप चालत जायची, कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी वळायची आणि दिसेनाशी व्हायची. वळणापलीकडे बसचा थांबा होता म्हणे. मग दिवसभर रस्त्यावर काही म्हणजे काही घडायचं नाही. उभ्या गाडीच्या टपावर एक मांजर झोपायचं, ऊन सरकलं की तेही सरकायचं. कुणाच्या तरी घरात कपड्यांचं मशीन लावलेलं असायचं. कुरिअरवाला येऊन बंद दारांच्या घंटा वाजवायचा आणि स्वतःशीच चरफडत परत जायचा. संध्याकाळी तीच माणसं वळणावर परत दिसायला लागायची, सकाळपेक्षा बरीच हळू.

ताई खिडकीत बसून हे डोळ्यांत तेल घालून बघायच्या. चेहरे सगळे पाठ, बोलणं कुणाशीच नाही. त्यामुळे लेक घरात आला की त्याचे बूट निघायच्या आत त्यांचा प्रश्न तयार असायचा, "हं, काय झालं आज?" लेकही रंगवून सांगायचा. त्याच्या ऑफिसातले टकलू साहेब, एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या दोघी, दुसऱ्यांच्या पेनांवर डल्ला मारणारा कॅशियर. ताई यांच्यापैकी कुणालाही भेटलेल्या नव्हत्या, पण टकलू साहेबांना सर्दी झाली की काढा ताईंना सुचायचा.

एकच गोष्ट त्यांना खटकायची. संध्याकाळच्या बसच्या ब्रेकचा आवाज खिडकीपर्यंत यायचा. पाठोपाठ माणसं वळणावर दिसायची. सगळे यायचे, लेक तेवढा यायचा नाही. घराघरांत दिवे लागून जायचे आणि मग हा एकटाच सावकाश येताना दिसायचा. विचारलं तर म्हणायचा, "बस उशिरा आली." जन्मभर लोकांच्या थापा ऐकलेल्या बाईला ही थाप! ताईंच्या मनात पाल चुकचुकली.

मग एका रविवारी तो आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होता. दार नुसतं लोटलेलं. ताईंचा कान आपसूक तिकडे गेला.

"रोजचंच झालंय गं... हो, आई वाट बघत बसलेली असते... मी पण दमतो ना... म्हणून तर थोडा वेळ बाहेरच बसतो, मग जातो घरी... ए, तिला सांगू नकोस हं."

पलीकडचं बोलणं ताईंनी नेहमीसारखं स्वतःच भरून घेतलं, आणि त्यातून एकच अर्थ निघत होता. पोराला आपला कंटाळा आलाय. इतका की दमूनभागून आलेला मुलगा घरी यायचं सोडून रस्त्यावर बसतो. त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आणि मग त्यांनी ठरवून टाकलं. हे खरं असेल तर मुलीकडे जायचं. तिच्याकडे माणसांची दाटी आहे, पण दाटीत एखादी म्हातारी खपून जाते. मात्र आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. हा बसतो कुठे, कुणाबरोबर बसतो, आणि तिथे असं काय आहे जे घरात नाही.

आता प्रश्न जिन्याचा. खालच्या मजल्यावर लिफ्टवाले राहायचे. उभा जन्म त्यांनी शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहिले ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत. नुकतेच निवृत्त झाले होते आणि बायको घरात लुडबुडू देईना, म्हणून दिवसभर जिन्याचे कठडे हलवून बघत असायचे. सोमवारी संध्याकाळी ताईंनी वरूनच हाक मारली.

"अहो लिफ्टवाले, मला जरा खाली नेता का?"

"डॉक्टरकडे का ताई?"

"नाही, वळणापर्यंत. पलीकडे काय आहे ते बघायचंय."

"तिथे काय असणार! थांबा आहे आणि एक बाक आहे."

"तुम्ही जन्मभर बघितलंय, म्हणून तुम्हाला त्याचं काही नाही. मी आले ती रात्री, गाडीत डोळे मिटून."

लिफ्टवाल्यांना काम मिळाल्याचाच आनंद झाला होता. "एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. वजन मध्ये ठेवा. थांबा. आता उतरा," असं म्हणत त्यांनी ताईंना खाली आणलं. जिना संपला तेव्हा घामाघूम झाले होते लिफ्टवाले, ताई ताज्यातवान्या.

आणि वळणापलीकडे काय नव्हतं! सायकलवाल्याच्या दुकानावर चाकंच चाकं टांगलेली. किराण्याच्या दारात एक म्हातारा पेपर वाचत होता आणि प्रत्येक बातमीला मोठ्याने "हॅट्!" म्हणत होता. दोन शाळकरी मुली एकाच छत्रीत चालल्या होत्या, पाऊस नाही, ऊन नाही, तरी. ताई थांबून थांबून बघत होत्या. आपण कशाला आलोय हे त्या क्षणभर विसरल्या.

थांब्याला मागे पत्रा होता आणि पत्र्यामागे एक बुटका कट्टा. ताई तिथे बसल्या. "गप्प राहायचं," त्यांनी लिफ्टवाल्यांना बजावलं. का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सवयीने लिफ्टवाल्यांनी विचारलंही नाही. घरी त्यांना हेच ऐकायची सवय होती.

बस आली. माणसं उतरली आणि पांगली. सगळ्यांत शेवटी लेक उतरला आणि बाकावर बसला. एकटाच. पत्र्याच्या फटीतून ताईंना त्याचा चेहरा दिसला. घरी येतो तो चेहरा हा नव्हताच. हा फार दमलेला होता, आणि वयही त्याचं एकदम वाढल्यासारखं वाटत होतं. मग तो पुटपुटायला लागला.

"तर आई, आज टकलू साहेबांना... नको. सर्दी परवाच झाली." त्याने डोकं खाजवलं. "टकलू साहेब लिफ्टमध्ये अडकले. आणि त्यांच्याबरोबर कोण? त्या दोघी! हां. मग साहेब म्हणतात..." त्याने हसून बघितलं. हसू नीट जमलं नाही, म्हणून परत हसून बघितलं.

लिफ्टवाल्यांना राहवेना. ते ताईंच्या कानाशी लागले. "कुठली लिफ्ट घेऊन बसलाय हा? त्याच्या ऑफिसची लिफ्ट मीच बघायचो. हा बसतो तिथे साहेब नाही की बायका नाहीत. तळघरात नुसती मशिनं घुमत असतात आणि हा एकटा त्यांच्यासमोर. मी गेलो की मलाच चहाचा आग्रह करायचा, तेवढंच बोलायला माणूस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे!"

ताईंना रडू आलं. दिवसभर तोंड उघडायला माणूस न मिळालेला हा मुलगा रोज इथे बसून आईसाठी अख्खं ऑफिस उभं करत होता. आणि आपण बॅग भरायला निघालो होतो! आयुष्यभराच्या हुशारीची त्यांना अशी लाज वाटली की डोळे पुसायलाही त्या विसरल्या.

लेक उठला, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि घराकडे गेला. ताईंना तेवढं वेगाने जाणं शक्यच नव्हतं. त्या दवाखान्यापाशी पोचतात तोच तो समोरून धावत आला.

"आई! घर उघडं, तू नाहीस! जीव गेला असता ना माझा!"

"गेला नाही ना? चल मग."

त्याने त्यांचा हात धरला, दम खाल्ला आणि केवळ सवयीने सुरुवात केली. "आज काय झालं माहितेय? टकलू साहेब..."

"आज तू थांब. आज मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं. पेपर वाचणारा म्हातारा आणि त्याचं "हॅट्!", छत्रीतल्या मुली, जिन्यावर घामाने भिजलेले लिफ्टवाले. लिफ्टवाले मागून "अहो, अतिशयोक्ती आहे ही!" म्हणत होते. लेक हसला. या हसण्यासाठी त्याला बाकावर बसावं लागलं नव्हतं.

जिन्यापाशी आल्यावर ताई पहिल्या पायरीवर टेकल्या. "उद्यापासून मी रोज उतरणार. आता सांगायचं काम माझं. तू बस आली की सरळ घरी ये. तोंडातून शब्द नाही काढलास तरी चालेल मला."

बॅग पाठीवरून उतरवून तो शेजारी पायरीवर बसला आणि काही न बोलता त्याने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.